हिरवा पट्टा पिवळा होतो तेव्हा: निसर्गासाठी टिकणारी हरकत कशी नोंदवायची

विकास आराखड्यातला हिरवा पट्टा पिवळा होणार, म्हणजे शेतीची किंवा हरित जागा रहिवास विभागात जाणार, टेकडीच्या उतारावर बांधकामाला वाट मिळणार किंवा नियमावलीतलं एखादं कलम बदलणार अशी बातमी आली की सगळ्यात आधी एक पत्र तयार होतं. ‘निसर्गाचा ऱ्हास थांबवा’ असा विषय आणि खाली पाचशे सह्या. छाननीच्या टेबलावर त्या पाचशे सह्यांची एकच हरकत धरली जाते आणि ‘सर्वसाधारण स्वरूपाची’ म्हणून बाजूला पडते. ज्या माळावर लांडगीण पिल्लं वाढवते, त्या माळाचा गट नंबर त्या पत्रात कुठेच नसतो.

पुढचं सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. मुख्य कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. केंद्र सरकारच्या पर्यावरणविषयक मसुद्यांची रीत जिथे वेगळी आहे, तिथे ती सांगितली आहे. टप्प्यांचा क्रम पाळा. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक हरकती कच्च्या मजकुरापेक्षा उलटसुलट क्रमानेच वाया गेल्या आहेत.

## टप्पा १: सूचना निघण्याआधीच जागेची फाईल उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हरकतीला साधारण महिनाभर मिळतो आणि महिन्याभरात कुठलीही जागा कळत नाही. सूचना मे महिन्यात निघाली तर तळ्यावरचे हिवाळी पाहुणे परत गेलेले असतात. जानेवारीत निघाली तर बेडूक जमिनीखाली असतात आणि पावसाळी ओढ्यात थेंब नसतो. पाहणीला आलेला माणूस म्हणतो, इथे काहीच नाही. त्या दिवशी त्याचं खरंही असतं. त्याला उत्तर देतात त्या तुमच्या आधीच्या दोन-तीन ऋतूंच्या नोंदी.

फाईलमध्ये काय हवं:

जागेची ओळख. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर, सातबारा, गावनकाशाची प्रत. ‘देवळामागची टेकडी’ ही ओळख आपल्याला पुरते, नकाशाला पुरत नाही.

सध्याचा वापर विभाग. मंजूर आराखड्यात ती जागा शेती, ना-विकास, हरित, वनीकरण की डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात आहे, हे झोन दाखला आणि भाग नकाशा काढून पक्कं करा. ऐकीव माहितीवर राहू नका. पिढ्यान्‌पिढ्या ‘गायरान’ म्हणून ओळखली जाणारी जमीन आराखड्यात रहिवास विभागात निघाल्याचं मी पाहिलं आहे.

जिवांच्या नोंदी. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, काय दिसलं, किती दिसलं, ते काय करत होतं आणि कुणी पाहिलं. यातलं ‘काय करत होतं’ हे लोक हमखास विसरतात, आणि सगळं वजन त्यालाच आहे. आकाशातून गेलेली घार आणि त्याच झाडावर घरटं बांधणारी घार या दोन निराळ्या नोंदी आहेत. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निरीक्षणं नोंदवायच्या संकेतस्थळांवर नोंद टाकली की तारखेचा पुरावा आपोआप तयार होतो.

एकाच जागेवरून फोटो. एक दगड किंवा खांब ठरवा. तिथूनच पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तीन फोटो काढा. माळरान ‘पडीक’ नसतं, हे सप्टेंबरातल्या कमरेएवढ्या गवताचा एक फोटो सांगून जातो.

जुने कागद. तलाठ्याकडची गाव नमुना १-अ, म्हणजे वनजमिनीची नोंदवही, बघा. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. त्यात तुमच्या जागेचा उल्लेख असेल तर पानाची प्रत घ्या. नसेल तर आत्ताच समितीला लेखी कळवून नोंद करून घ्या. सरकारी यंत्रणेच्याच वहीत असलेली नोंद खोडून काढणं अवघड असतं.

नोंद कशी घ्यायची, याचं एक उदाहरण. मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करू लागली की पाऊल उचलू नका, आधी पायाखाली बघा. मुरमातला उथळ खळगा, कडेने बारीक खडे, आत तीन-चार अंडी आणि त्यांची टोकं मध्याकडे वळलेली. मातकट रंगावर काळे डाग असे असतात की दोन हातांवरूनही नजर त्यांच्यावरून घसरते. एक फोटो घ्या, मोबाईलवर जागेची खूण करा आणि आल्या वाटेने मागे फिरा. पक्षी उठलेला असताना अंडी उन्हात तापत असतात. ही एक नोंद ‘येथे विविध पक्षी आढळतात’ या ओळीपेक्षा कितीतरी भारी आहे.

> इशारा: लांडग्याची गुहा, शिकारी पक्ष्याचं घरटं, दुर्मिळ आमरी (ऑर्किड) यांची अचूक जागा हरकतीत किंवा समाजमाध्यमावर टाकू नका. हरकतीचे कागद कुणीही मागू शकतं. गट नंबर आणि साधारण पाचशे मीटरचा चौकोन पुरे. नेमकी जागा वन विभागाला वेगळ्या पत्राने कळवा.

## टप्पा २: बदल कुठल्या कलमाखाली आहे ते ओळखा

बातमीत फक्त ‘सरकारने नियम बदलला’ एवढंच येतं. जाहीर सूचनेच्या पहिल्याच परिच्छेदात कलम लिहिलेलं असतं. हरकत कुणाकडे, किती दिवसांत आणि सुनावणी कुणापुढे हे सगळं त्या आकड्यावर ठरतं.

कलम २६: नवा किंवा सुधारित प्रारूप विकास आराखडा. हरकत नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा जे प्राधिकरण असेल त्याच्याकडे. मुदत जाहिरातीतच दिलेली असते.

कलम ३१: आराखडा शासनाकडे गेल्यावर शासन काही भाग मंजूर करतं आणि ‘सारभूत स्वरूपाचे’ बदल वेगळे काढून त्यांवर पुन्हा हरकती मागवतं. नकाशात ते ‘ईपी’ (एक्सक्लूडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) या खुणेने दिसतात. पहिल्या फेरीत वाचलेली टेकडी या दुसऱ्या फेरीत जाऊ शकते. कार्यकर्ते तोवर निर्धास्त झालेले असतात, म्हणून हा टप्पा विशेष लक्षात ठेवा.

कलम ३७: मंजूर आराखड्यातला फेरबदल. नियोजन प्राधिकरण राजपत्रात सूचना देतं आणि कोणत्याही व्यक्तीला एका महिन्याच्या आत हरकत घेता येते. एकेका गटाचा विभाग बदलण्याची प्रकरणं बहुतेक इथेच येतात.

कलम ३७ (१कक): शासन स्वतःहून करत असलेला फेरबदल. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली. तिच्यात होणारे बदल प्रामुख्याने याच वाटेने येतात. मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं अधिसूचित क्षेत्र), गिरिस्थान नगरपालिका आणि केंद्राने घोषित केलेली पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं या नियमावलीतून वगळलेली आहेत. आपली जागा त्यांत आहे का, हे आधी बघा.

कलम २०: प्रादेशिक योजनेतला फेरबदल. गावांच्या हद्दीतल्या, शहराबाहेरच्या जमिनींना हे लागू पडतं.

कलम १५४: हे निदेशाचं कलम. फेरबदलाच्या सूचनेसोबत कधीकधी शासन याखाली निदेश देतं, आणि अंतिम मंजुरी येण्याआधीच बदल अमलात येतो. लोक म्हणतात, आता झालंच, हरकत कशाला? तरीही हरकत नोंदवायचीच, आणि निदेश मागे घेण्याची मागणी तिच्यात स्पष्ट लिहायची.

केंद्राच्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालचे मसुदे वेगळे आहेत: पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, किनारपट्टी नियमन, प्रकल्पांची पर्यावरण मंजुरी. तिथे राजपत्राची प्रत लोकांना उपलब्ध झाल्यापासून ६० दिवस मिळतात आणि हरकत थेट केंद्रीय मंत्रालयाकडे जाते. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा याच प्रकारचा होता. सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटरहून थोडं अधिक क्षेत्र त्यात होतं, पैकी महाराष्ट्राचं १७,३४०. अशा मसुद्यावर जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देऊन फोटो काढला म्हणजे हरकत नोंदली गेली, असं होत नाही.

मसुदा फक्त इंग्रजीत असेल तर मराठी मागा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतराचा आदेश दिला होता आणि मुदतही ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली होती.

> तपासा: कलम कोणतं? मुदतीचा शेवटचा दिवस कोणता, आणि तो राजपत्राच्या तारखेपासून मोजायचा की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपासून? हरकत कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे? तिन्ही उत्तरं फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. शंका असेल तर दोन्हीतली आधीची तारीख धरा.

## टप्पा ३: पहिल्या चार दिवसांत कागद हातात घ्या

लागणारे कागद पाच: जाहीर सूचना, तिच्यासोबतचं परिशिष्ट, भाग नकाशा, प्रस्तावाला मान्यता देणारा सभेचा ठराव किंवा शासनाचा निदेश, आणि नगर रचना विभागाचा अहवाल. प्रारूप आराखड्याची प्रत पाहण्यासाठी खुली ठेवणं आणि प्रमाणित प्रती किंवा उतारे वाजवी किमतीत विकत देणं कायद्यातच आहे. कार्यालयात ‘नकाशा बघायला मिळेल, प्रत मिळणार नाही’ असं उत्तर आलं तर कलम २६ चा उल्लेख करून तिथेच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

माहिती अधिकाराची गल्लत इथेच होते. सूचना निघाली की लोक अर्ज टाकतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस, हरकतीलाही साधारण तेवढेच. उत्तर हातात पडेपर्यंत खिडकी बंद. अर्ज जरूर टाका, पण तो पुढच्या फेरीसाठी. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, आणि त्यावर १० रुपयांचं शुल्क. हरकतीत मात्र एक ओळ घाला: ‘अमुक कागद मागूनही मिळाले नाहीत, ते मिळाल्यावर पूरक म्हणणे मांडण्याचा हक्क राखून ठेवत आहे.’

## टप्पा ४: नकाशा घेऊन जागेवर चाला

भाग नकाशा मोबाईलवर उघडा आणि प्रस्तावित हद्दीच्या कडेने पायी फिरा. एकट्याने जाऊ नका. त्या भागात गुरं चारणारा कुणी सोबत असेल तर सगळ्यात चांगलं. कोल्हं कुठून उतरतं, कुठल्या डबक्याला एप्रिलमध्येही पाणी असतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

चार गोष्टी तपासा.

ओढा. नकाशातून सगळ्यात आधी ओढेच पुसले जातात. गावनकाशातला ओढा प्रस्तावित नकाशात आहे का? नसेल तर दोन्ही नकाशे शेजारी ठेवून एक पान तयार करा. हे एक पान अनेकदा अख्ख्या हरकतीपेक्षा जास्त बोलतं.

पूररेषा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जागा निळ्या रेषेच्या आत आहे का, हे पाटबंधारे विभागाच्या नकाशावरून पाहा. नदीकाठची झाडी वाचवताना पुराचा मुद्दा सोबत असेल तर ज्याला पक्ष्यांचं काही वाटत नाही तोही ऐकतो.

उतार. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम आणि डोंगरकापणीला नियमावलीत मनाई आहे. १:५ म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, सुमारे ११ अंश. डोळ्यांना हा उतार फार वाटत नाही, त्यामुळे अंदाजाने बोलू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटर उंचीच्या फरकाने असतील, तर शेजारच्या दोन रेषांमधलं अंतर २ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं की उतार १:५ पेक्षा तीव्र. पट्टी लावा, मोजा, त्या जागेवर लाल वर्तुळ करा.

जोड. जागा एकटी आहे की दोन टेकड्यांना, तळ्याला आणि रानाला जोडणारी आहे? प्राण्यांची जा-ये कुठून होते ते पाऊलखुणा, विष्ठा आणि रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या नोंदींतून दाखवता येतं. पुण्यात २३ समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं, तेव्हा टेकड्यांचा विचार सलग पट्टा म्हणून झाला होता. मधला एक गट निघाला की बाकीचे गट कागदावर हिरवे राहतात आणि त्यांतली ये-जा थांबते.

> इशारा: खासगी जमिनीत परवानगीशिवाय शिरू नका. वहिवाटीच्या रस्त्यावरून किंवा शेजारच्या सार्वजनिक जागेतून दिसेल तेवढंच नोंदवा. सुनावणीत ‘हे आत कसे गेले?’ हा प्रश्न आला की चर्चा तिथेच अडकते.

## टप्पा ५: कोणता कायदा खरोखर लागू पडतो ते छाना

हरकतीत दहा कायदे लिहिले आणि त्यांतला एक चुकला, की उत्तर त्या चुकलेल्या कायद्यालाच दिलं जातं. दोन लिहा, पण पक्के.

पाणथळ जागा. पाणथळ जागा नियम, २०१७ सगळ्याच तळ्यांना लागू नाहीत. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. पाझर तलावासाठी या नियमांचा आधार घेतला तर हरकत एका ओळीत फेटाळली जाईल. तिथे पाण्याचा साठा, पूर आणि पक्ष्यांच्या नोंदी यांवर उभं राहा.

खारफुटी. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खारफुटीला आणि तिच्या भोवतालच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण आहे, जमीन कुणाच्याही मालकीची असो.

वन. सातबाऱ्यावर ‘वन’ नसलं तरी सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे शब्दकोशातल्या अर्थाने वन असलेली जागाही वन धरली जाते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर गोंधळ झाला, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने तीच व्याख्या तूर्त पाळायला सांगितली.

वन्यजीव. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने बदलल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून सहाच्या जागी चार झाल्या. जुन्या पत्रांतून उचललेला ‘अनुसूची चार’ आता भलताच अर्थ देतो. प्रत्येक प्राण्याची अनुसूची नव्याने तपासा. लांडगा, चिंकारा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. अभयारण्याबाहेरच्या जमिनीवर पहिल्या अनुसूचीतला प्राणी दिसला म्हणून विभाग बदल आपोआप थांबत नाही. ते सध्याचा विभाग कायम ठेवण्याचं सबळ कारण आहे, मनाईचा हुकूम नव्हे. माळरानाच्या बाबतीत हे विशेष खरं आहे, कारण महसुली कागदांत ते ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ म्हणून बसलेलं असतं. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे मोकळ्या गवतावर जगणारे जीव. आपल्याकडे वाचवायचं म्हणजे झाडं असलेलं, अशी समजूत इतकी घट्ट आहे की ‘आम्ही तिथे वृक्षारोपण करू’ असं आश्वासन मिळालं की हरकत घेणारेही खूश होतात. माळावर झाडं लावली की धाविकाचं घर गेलंच. हे हरकतीत लिहा.

## टप्पा ६: हरकत लिहा

एका हरकतीत एकच बदल. तीन गटांबद्दल म्हणायचं असेल तर तीन हरकती. क्रम असा ठेवा:

१. सूचनेचा क्रमांक, तारीख, कलम.
२. गट नंबर, गाव, प्रस्तावित बदल, तोही सूचनेतल्याच शब्दांत.
३. तुम्ही कोण आणि या जागेशी तुमचा संबंध काय. दोन ओळी पुरे.
४. वस्तुस्थिती: काय, कधी, किती, कुणी पाहिलं. प्रत्येक वाक्यापुढे परिशिष्टाचा क्रमांक.
५. लागू पडणारा कायदा किंवा आदेश.
६. मुख्य मागणी.
७. पर्यायी मागणी.
८. प्रत्यक्ष सुनावणीची मागणी.

नमुना म्हणून मधला भाग असा:

‘गट नं. ___, मौजे ___ ही जागा मंजूर आराखड्यात शेती विभागात असून ती रहिवास विभागात समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे. गावनकाशात या गटातून उत्तर-दक्षिण वाहणारा ओढा दर्शविलेला आहे. प्रस्तावासोबतच्या भाग नकाशात तो दिसत नाही (परिशिष्ट १ व २). गटाच्या पश्चिमेकडील भागाचा उतार १:५ पेक्षा तीव्र आहे (परिशिष्ट ३). सदर जागेत ___ ते ___ या काळात ___ वेळा घेतलेल्या नोंदींमध्ये ___ ची वीण आढळली (परिशिष्ट ४). सबब हा गट शेती विभागातच कायम ठेवावा. ते शक्य नसल्यास, ओढा व त्याच्या दोन्ही बाजूंचा ___ मीटरचा पट्टा आणि तीव्र उताराचा भाग ना-विकास विभागात दर्शवावा व तशी अट मंजुरीत नमूद करावी.’

पर्यायी मागणी लिहायला अनेकांचा हात धजत नाही. ती लिहिली म्हणजे आपण माघार घेतली, असं वाटतं. मीही अशीच अडून बसत असे. पण टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला पुष्कळदा पूर्ण प्रस्ताव रद्द करण्याचा अधिकार नसतो. ओढा आणि त्याचा काठ वगळण्याची शिफारस तो करू शकतो, आणि ती करण्यासाठी त्याला तयार वाक्य लागतं. ते वाक्य तुम्ही द्या.

नियमावलीतला मजकूर बदलत असेल तर चार रकान्यांचा तक्ता करा: कलमाचा क्रमांक, आजचे शब्द, प्रस्तावित शब्द, तुम्हाला हवेत ते शब्द. चौथा रकाना रिकामा ठेवू नका. ‘करील’ चं ‘करू शकेल’ झालंय का, ‘पूर्वपरवानगीने’ हा शब्द गळलाय का, ‘अथवा सक्षम प्राधिकारी ठरवील त्याप्रमाणे’ असं शेपूट लागलंय का, ते बारकाईने बघा. बंधन ढिलं होतं ते अशाच शब्दांतून.

> तपासा: मजकुरातून ‘निसर्ग’, ‘पर्यावरण’, ‘भावी पिढ्या’ हे शब्द काढून पुन्हा वाचा. काही उरत नसेल तर हरकत अजून लिहून झालेली नाही.

## टप्पा ७: वेळेत, योग्य दारात, पोच घेऊन

जाहिरातीत ज्या अधिकाऱ्याचं नाव आहे त्याच्याच कार्यालयात द्या. एकदा मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी जवळच्या विभागीय कार्यालयात हरकत दिली. तिथे शिक्का मारला, कागद घेतला. मुख्य कार्यालयात तो पोचला तेव्हा मुदत टळून आठवडा झाला होता, आणि यादीत माझं नाव नव्हतं. सुनावणीला मी मागच्या रांगेत बसले, बोलता आलं नाही.

दोन प्रती न्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का तिन्ही आहेत ना ते खिडकीसमोरच पाहा. नुसता गोल शिक्का म्हणजे पोच नव्हे. ईमेलही पाठवा, पण जाहिरातीत ईमेल चालेल असं लिहिलेलं नसेल तर कागदाशिवाय भागणार नाही. मुदतीच्या चार दिवस आधीच द्या.

छापील पत्राच्या पाचशे प्रतींपेक्षा वीस वेगवेगळ्या हरकती बऱ्या. शेतकऱ्याने पाण्यावर लिहावं, शिक्षिकेने मुलांना घेऊन केलेल्या नोंदींवर, पक्षी बघणाऱ्याने विणीवर, ओढ्याकाठच्या सोसायटीने पुरावर. गावाची हद्द असेल तर ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा. ठरावात गट नंबर हवाच.

## टप्पा ८: सुनावणी

बोलायला पाचेक मिनिटं मिळतात, कधी त्याहून कमी. ‘मी अमुक गटाबद्दल बोलते आहे, माझा आवक क्रमांक हा’, इथून सुरुवात करा. मग दोन नकाशांचं शेजारी ठेवलेलं पान समोर सरकवा. बोलणं त्या पानावरच ठेवा, आणि शेवटी मागणीचं वाक्य जसंच्या तसं वाचा.

कलम २८ खालच्या नियोजन समितीत लोकप्रतिनिधींबरोबर नेमलेले तज्ज्ञही असतात. त्यांच्यातल्या एखाद्याने प्रश्न विचारला तर ती चांगली खूण समजा आणि जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा. जमीनमालक समोर असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याची अडचण खरी असू शकते. वर्षानुवर्षं आरक्षणात अडकलेल्या जमिनीचा मोबदला न मिळालेला माणूस निसर्गाचा शत्रू नसतो. त्याला हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा मोबदला मिळावा, असं तुमच्याच सूचनेत असेल तर ती सूचना जास्त टिकते.

निघताना लेखी म्हणणं देऊन पोच घ्या. इतिवृत्तात तुमचं बोलणं एका ओळीचं होऊ शकतं, तुमचा कागद आहे तेवढाच राहतो.

## टप्पा ९: सुनावणीनंतरचे महिने

आता माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी पडतो. मागा: तुमच्या हरकतीवरचा अभिप्राय, नियोजन समितीचा अहवाल, शासनाला सादर झालेला प्रस्ताव. महिन्यातून एकदा राजपत्र आणि नगर रचना संचालनालयाचं संकेतस्थळ पाहा. कलम ३१ ची दुसरी फेरी याच काळात येते.

न्यायालयाची वेळ आली तर दार नीट ओळखा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, म्हणून सगळे तिकडे धावतात. पण त्याचा अधिकार त्याच्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दिलेल्या सात कायद्यांपुरताच आहे. त्यांत पर्यावरण संरक्षण, वन संवर्धन आणि जैवविविधता हे कायदे आहेत, नगररचना अधिनियम आणि वन्यजीव अधिनियम नाहीत. विभाग बदलालाच आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालय. पाणथळ जागेत भराव किंवा पर्यावरण मंजुरीतली खोट असेल तर न्यायाधिकरण. पर्यावरण मंजुरीविरुद्धच्या अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० पर्यंत. वकिलाकडे जाताना पोच असलेली हरकत आणि सुनावणीतलं लेखी म्हणणं घेऊन जा. त्यांच्याशिवाय पहिला प्रश्न येतो तो ‘वेळेत हरकत घेतली होती का?’ हाच.

सरकारने हरकती न मागवताच बदल केला असेल, तर त्याबद्दल गप्प बसू नका. २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेने रस्ते आणि वाहिन्यांसारख्या लांबलचक प्रकल्पांसाठी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती. लोकांचं म्हणणं न मागवता दिलेली ही सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली.

आणि बदल मंजूर झालाच, तर फाईल बंद करू नका. मंजुरीतल्या अटींची प्रत काढून घ्या. ओढ्याचा पट्टा सोडण्याची अट असेल तर बांधकाम परवानगीच्या नकाशात तो पट्टा दाखवला आहे का ते पाहा. शहरी हद्दीत झाडं तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात सूचना द्यायची असते आणि झाडावरही लावायची असते. त्यावर हरकतीला सातच दिवस असतात. म्हणून रोज त्या वाटेने जाणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा: झाडावर कागद दिसला की त्याच दिवशी, तारीख स्पष्ट दिसेल असा फोटो पाठव.